तात्या आणि उलट्या पिळाचा दोर

आमच्या गल्लीत एखादी बाई कपडे वाळत घालण्याआधी डोळे मिटून हळूहळू मान फिरवत उभी दिसली, तर तिला मानेचं दुखणं आहे असं समजू नये. ती मी असते. दोन्ही कानांत वारा सारखाच वाजेपर्यंत मान फिरवायची आणि मग आपलं नाक जिकडे असेल, तिकडून वारा येतोय असं समजायचं. हे मला तात्यांनी शिकवलं. मी पुण्याची, औषधांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम करणारी बाई. कुठल्याही गोष्टीला कागद मागायची मला सवय. पण वाऱ्याच्या बाबतीत आता नाकावर विश्वास ठेवते.

तात्या म्हणजे संदेशचे वडील. संदेश इथे आयर्लंडमध्ये, कॉर्क शहराजवळच्या रिंगास्किडीला, माझ्याच कारखान्यात आहे आणि आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. तात्या त्याच्याकडे एकदाच आले, व्हिजाच्या नव्वद दिवसांपुरते, मार्चच्या शेवटी. तेव्हा त्यांना सत्त्याहत्तरावं चालू होतं. गेल्या दिवाळीच्या आधी ते वारले. नव्वद दिवसांत माणूस असा कितीसा कळतो, असं कुणीही म्हणेल. पण ज्यांच्या शेजारी मी आठ वर्षं राहते आहे, त्या लोकांबद्दल मला याच्या निम्मंही सांगता येणार नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते. मागच्या बोळाकडच्या कुंपणाच्या फळीवरून एक माकडटोपी वर आली.

"गो, वारो खंयचो ता बघलंस?"

मी म्हटलं, "काका, फोनवर बघितलंय. दुपारपर्यंत पाऊस नाही."

"फोनाक वारो लागता काय?"

मला राग आला. आधीच चादरी ओल्या आणि जड, त्यात अनोळखी म्हातारा शिकवायला आलेला. मी काहीतरी तुटक बोलून आत गेले. चहा गाळेपर्यंत पाऊस आला. खिडकीतून बघते तर तात्या कुंपणापलीकडे छत्री न घेता उभे, आणि माझ्या चादरींकडे अशा हळहळीने बघत होते की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटली.

तात्यांचं गाव वेंगुर्ल्यापलीकडचं एक लहानसं बंदर. वडील शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. तात्यांनी विशीपर्यंतची वर्षं त्याच गलबतावर खलाशी म्हणून काढली, मंगलोरी कौलं भरून मुंबईला न्यायची आणि येताना मिळेल तो माल आणायचा. पुढे शिडं गेली, इंजिनं आली, आणि तात्या सरकारी लाँचवर सारंग, म्हणजे लाँच चालवणारे, झाले. निवृत्त होईपर्यंत तिथेच. जमिनीवर त्यांना फारसं काही पटत नसे. संदेशचं घर त्यांना पटलं नाही, कारण स्वयंपाकघराची खिडकी 'वाऱ्याक पाठ करून' होती. एक गोष्ट मात्र बेहद्द आवडली, संदेशचं कारखान्यातलं भडक पिवळं चमकतं जॅकेट. लेंग्यावर ते चढवून तात्या गावभर फिरत. "माणूस लांबसून दिसाक व्हयो," म्हणत. उजव्या खिशात पितळी होकायंत्र आणि डाव्या खिशात हातभर दोरी. बोलताना हात त्या दोरीशी चाळा करत, आणि बोलणं संपेपर्यंत तिची एखादी गाठ होऊन बसलेली असे.

सैल गाठ दिसली की त्यांचा जीव वर-खाली होई. एप्रिलमध्ये वादळाचा इशारा आला. इथे वादळ आलं की लोक पाव-दूध घेऊन ठेवतात आणि पोरांचे उड्या मारायचे ट्रँपोलिन उडून शेजाऱ्याच्या अंगणात जातात, हे इतकं नेहमीचं आहे की त्यावर कुणी बोलतही नाही. तात्यांनी आदल्या दुपारी गल्लीतला एकूण एक ट्रँपोलिन बांधून काढला. कुणाला विचारलं नाही. पिवळं जॅकेट बघून लोकांना वाटलं, नगरपालिकेचा माणूस असेल. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीतले दोन ट्रँपोलिन मैदानात उलटे पडलेले आणि आमचे सगळे जागच्या जागी. तेव्हापासून आयरिश शेजारी त्यांना कॅप्टन म्हणायला लागले. बांधलेल्या गाठी सोडवायला मात्र कुणाला जमेनात, तेव्हा पुन्हा कॅप्टनलाच घरोघरी फिरवावं लागलं.

त्या फेरीतच त्यांची नोराशी गाठ पडली.

नोरा आमच्या गल्लीच्या टोकाला, धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एकटी राहायची. ऐंशी उलटलेली, शिडशिडीत, घरात नेहमी एप्रन बांधलेली. नवरा जेरी जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याने आयुष्यभर बंदरातल्या बोटीवर काम केलं. तात्यांना मालवणी आणि कामापुरतं बंदरी इंग्रजी, नोराचं इंग्रजी असं कॉर्कचं की आठ वर्षांनंतरही मला निम्मं अंदाजाने समजतं. तरी दोघांचं जमलं. ती चहा करायची, ते तिच्या खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघायचे. ते तिला 'नोराबाय' म्हणत. काही नेमकं बोलायचं असलं की माझ्याकडे निरोप यायचा आणि मी दुभाषी म्हणून जायची.

तात्यांची एक गोष्ट मी तिथेच, नोराच्या स्वयंपाकघरात ऐकली, भाषांतर करता करता. लाँचवर असताना एकदा कुठल्याशा मोठ्या साहेबांना उद्घाटनासाठी खाडीपलीकडे जायचं होतं. तात्यांनी वारा बघितला आणि सांगितलं, लाँच निघणार नाही. साहेब चिडले, रस्त्याने वळसा घालून गेले, कार्यक्रमाला तीन तास उशीर झाला. आणि समुद्र दिवसभर ताटात वाढलेल्या वरणासारखा निवांत.

"मग?" नोराने विचारलं.

"मग काय! संध्याकाळी मियाच आपल्या हातान कागद लिवलंय. आज माझा चुकला म्हणान. सही करून साहेबाच्या टेबलार ठेवलंय."

कुणी मागितला नसताना? मी विचारलं. आमच्याकडे कारखान्यात चूक झाली की कागद भरावा लागतो, आणि तो भरून घेण्यासाठी मला माणसांच्या मागे चार-चार दिवस हिंडावं लागतं.

तात्या म्हणाले, "चुकणा वेगळा, गो. खोटा बोलणा वेगळा. चुकलंय ता सांगूक नाय तर ता खोटा होता."

हे मी नोराला सांगितलं. ती उठली, आणि तिने त्यांना चहाबरोबर आणखी एक स्कोन, म्हणजे इथला गोडसर पाव, वाढला.

मे महिन्याच्या सुरुवातीला नोराने आम्हाला बाहेरच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीवर जेरीचं चित्र होतं. जेरीने काढलेलं नव्हे, जेरीने आणलेलं. गावाजवळच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने ते उचलून आणलं होतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणा फ्रेंच माणसाने केलेलं एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून, रेघांत शाई भरून, कागद दाबून उमटवलेलं चित्र. किनाऱ्याजवळ उभी असलेली शिडाची जहाजं, तीन जवळ, दोन लांब. डावीकडे पाण्यात उतरलेला डोंगर, उजवीकडे गोल बुरूज, आणि बुरजाच्या अंगाला, पाण्याला टेकायला आलेला सूर्य. पुढे धक्क्यावर जाड दोराचं वेटोळं आणि दोर ओढणारी माणसं. खाली कागदावर पेन्सिलने फ्रेंचमध्ये 'किनाऱ्याजवळची जहाजं' एवढंच. किनारा कुठला, ते नाही.

पण जेरी म्हणायचा, किनारा आपला. आपल्याच धक्क्यावर बसून त्या फ्रेंच माणसाने हे काढलंय. गाव हसायचं. कारण आमच्या धक्क्यावर उभं राहिलं की डोंगर उजवीकडे आहे आणि बुरूज डावीकडे. जेरी म्हणायचा, ते मला माहीत नाही, पण रोज या पाण्यावर असतो तो मी, हे पाणी मी ओळखतो. पबमध्ये कुणी काही अशक्य बोललं की लोक म्हणत, "हं, जेरीची जहाजं!" पन्नास वर्षं ही थट्टा चालली आणि जेरी थट्टेसकट गेला.

नोरा आता जूनअखेर घर सोडणार होती. मुलगी डब्लिनला सिटीवेस्टमध्ये राहते, तिच्याकडे एक खोली मिळणार होती. चित्र गावच्या हॉलमध्ये लागावं, जेरीच्या नावाने, आपला किनारा म्हणून, एवढीच तिची इच्छा. हॉलची समिती चित्र घ्यायला तयार होती. पण सेक्रेटरी डोनल भला माणूस असूनही कागदाचा पक्का. तो म्हणाला, लावू, पण खाली 'फ्रान्सचा किनारा' असं लिहू. खोटं कसं लिहायचं? नोरा म्हणाली, मग नको. जेरीच्या नावाखाली जेरी चुकला असं लिहून लावायचं, त्यापेक्षा मी ते पलंगाखाली ठेवेन.

हे सगळं मी तात्यांना सांगत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते चित्रापुढे उभे होते. माकडटोपी काढून हातात घेतली होती.

"ह्यां आमचा बंदर," ते म्हणाले.

"काय म्हणतायत?" नोराने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण मी सांगितलं, "म्हणतायत, हे त्यांचं बंदर आहे."

"अरे देवा," नोरा हसत म्हणाली, "आणखी एक!"

तात्यांना हसू ऐकू आलं नाही. ते चित्रावर बोट न टेकवता दाखवत होते. डावीकडे डोंगर, उजवीकडे बत्ती, म्हणजे दीपगृह, मध्ये वडिलांचं गलबत नांगर टाकून उभं. आवाज बारीक झाला होता. संदेशकडे येऊन दीड महिना झाला, पण घरची आठवण येते असं ते एकदाही म्हणाले नव्हते.

मग ते खाली वाकले आणि धक्क्यावरच्या दोराच्या वेटोळ्याकडे बघू लागले. बराच वेळ बघितलं. खिशातली आपली दोरी काढून काचेजवळ धरली, पुन्हा बघितलं. सरळ झाले तेव्हा चेहरा उतरला होता.

"नाय," म्हणाले. "आमचा नाय. पीळ उलटो आसा."

दोर वळणारा माणूस उजव्या हाताने वळतो, त्यामुळे पीळ एका बाजूने जातो. जगात कुठेही जा, जहाजावरचा दोर बहुतेक तसाच. या चित्रातला पीळ उलट्या बाजूने जात होता. वेटोळंही उलटं घातलेलं. आणि दोर ओढणारी माणसं एकजात डावरी. "एक डावरो आसतलो, दोन आसतले. सगळे कशे डावरे?" मग त्यांनी मला विचारलं, हे चित्र कसं काढतात म्हणालीस? मी पुन्हा सांगितलं. पत्रा, शाई, कागद.

"म्हणजे शिक्को!" तात्या ओरडलेच. "आमच्या हाफिसातल्या शिक्क्यार अक्षरा उलटी आसत. गो, ह्यां अख्खा चित्र उलटा आसा!"

नोराचा हातआरसा घेऊन आम्ही तिघं धक्क्यावर गेलो. चित्र मी छातीशी धरून उभी राहिले, तात्यांनी आरसा माझ्यासमोर धरला आणि नोराला म्हणाले, बघ. आरशात डोंगर उजवीकडे गेला होता, बुरूज डावीकडे आला होता. नोराने आरशात बघितलं, मान वर करून समोर बघितलं, पुन्हा आरशात. मग ती धक्क्यावरच्या ओल्या दगडावर बसली आणि एप्रनमध्ये तोंड घालून हसली की रडली ते मला कळलं नाही. "पन्नास वर्षं," एवढंच म्हणत राहिली.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. माझ्यासारख्या माणसाने ती तिथेच संपवली असती. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या माझ्या दारात उभे. हातात होकायंत्र.

"सूर्य जुळणा नाय," म्हणाले.

आरशातल्या चित्रात सूर्य बुरजाच्या अंगाला होता. धक्क्यावरून बुरूज थेट वायव्येला, ते मोजून आले होते. आणि सूर्य पश्चिमेला मावळतो. कोकणात उन्हाळ्यात थोडा उत्तरेकडे सरकतो, पण किती? तात्यांनी हात लांब करून पंजा उभा धरला, एवढा. वायव्येपर्यंत जात नाही. त्यांच्या उभ्या आयुष्यात गेला नव्हता. म्हणजे डोंगर-बुरूज जुळले तरी किनारा हा नव्हे.

मी म्हटलं, "तात्या, राहू द्या ना. तिने डोनलला फोनही केलाय. तुम्ही नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे?"

"माका कळला मा," तात्या म्हणाले.

आम्ही गेलो. त्यांनी सांगितलं, मी भाषांतर केलं, आणि नोकरीत इतक्या लोकांना इतक्या चुका दाखवल्या असूनही त्या दिवसाइतकं वाईट मला कधी वाटलेलं नाही. नोराने ऐकून घेतलं. कॅप्टनने सांगितलं म्हणजे तिच्या लेखी तो विषय संपला. "राइट सो," ती म्हणाली. "सांगितलंत ते बरं केलंत." मग आम्हाला दारापर्यंत पोचवलं. किटली तिने चालू केली नव्हती. या देशात घरी आलेल्या माणसाला चहा विचारला नाही, यापेक्षा जास्त काही बोलायची गरज नसते.

तात्या त्यानंतर तिकडे गेले नाहीत. त्यांचं बोलणंच कमी झालं. संदेश मला म्हणाला, "बाबांना काय झालंय कळत नाही. नुसते वरच्या खिडकीत बसतात. आणि माझ्या ऑफिसच्या सगळ्या चिकटचिठ्ठ्या संपवल्यात."

मी वर जाऊन बघितलं. मागच्या खिडकीच्या काचेवर पिवळ्या चिकटचिठ्ठ्यांची रांग. तात्या रोज संध्याकाळी फरशीच्या ठरावीक चौकोनात पाय जुळवून उभे राहत आणि सूर्य जिथे टेकेल तिथे काचेवर एक चिठ्ठी लावत. मे महिन्याच्या सुरुवातीची चिठ्ठी शाळेच्या छपरावर होती. मग चर्चच्या बाजूला. मग झाडांवर. मधे मधे मोकळ्या जागा, कारण ते ढगांचे दिवस. पण रांग थांबत नव्हती, उजवीकडे, उत्तरेकडे चाललीच होती.

"ह्यां बघ काय चल्लाहा," तात्या म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात भीती होती आणि आनंदही होता. "आमचो सूर्य हातभर सरकता. हंयचो गाव वलांडून चल्लो!"

मी या देशात आठ वर्षं राहते. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो हे मी पुण्याला फोन करून दरवर्षी कौतुकाने सांगते. पण तो सूर्य नेमका मावळतो कुठे, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. त्या वेळी मी लॅपटॉपपुढे असते. लाज वाटली. तात्यांनी कोकणातला सूर्य इथल्या आभाळात धरला आणि चुकले. मी तर कुठलाच धरला नव्हता.

जूनच्या मध्यावर एक दिवस आभाळ स्वच्छ होतं. सव्वानऊला तात्या पिवळं जॅकेट घालून, पायात सपाता तशाच, नोराच्या दारात. मागून मी धावत. नोराने दार उघडलं. तात्या माझी वाट न बघता इंग्रजीत म्हणाले, "नोरा मॅडम, माय मिस्टेक. फुल मिस्टेक. कम, कम. सन गोइंग."

बाई त्या वयात धावली म्हणेन मी. धक्क्यावर पोचलो तेव्हा सूर्य अजून चार बोटं वर होता. आम्ही उभे राहिलो. पाणी आधी पिवळं झालं, मग तांबूस, आणि सूर्य तिरका तिरका उतरत थेट बुरजाच्या अंगाला गेला, चित्रात होता तिथे. दोन बोटंही इकडे-तिकडे नाही.

"जेरी याच दिवसांत घरी यायचा ना," नोरा हळूच म्हणाली, "तेव्हा डोळे बारीक केलेले असायचे. सूर्य डोळ्यांवर येतो म्हणायचा. मी रोज ऐकायची. आणि कधी डोक्यात आलं नाही बघा."

मग ती तात्यांकडे वळली. "चला. चहा टाकते. केवढा उशीर झालाय चहाला."

तीन दिवसांनी हॉलमध्ये डोनलसमोर बैठक झाली. डोनलने चित्र बघितलं, आरशात बघितलं, डोकं खाजवलं आणि सरळ प्रश्न विचारला, "कॅप्टन, मग लिहू? हा किनारा आपलाच आहे?"

नोरा तात्यांकडे बघत होती. मीही. एका 'यस'चं काम होतं.

तात्यांनी खिशातली दोरी बोटांभोवती गुंडाळली, सोडली. "हंयचोच आसा असा मी सांगणय नाय. तो फ्रेंच खंय बसलेलो ता मी बघूक नाय. पण हंयचो नाय असा आता कोणच सांगूक शकणा नाय. आणि जेरीन मात्र हंयसूनच बघल्यान. ता लिव."

मी सांगितलं. डोनलने तेच लिहिलं. हॉलच्या भिंतीवर ते चित्र आज आहे. खाली पाटी: 'आपल्या धक्क्यावरून जेरीने पन्नास वर्षं पाहिलेली जहाजं. कृपया आरशात बघावे.' समोरच्या भिंतीवर नोराचा हातआरसा खिळ्याला लावलाय, तात्यांनी स्वतः बांधलेल्या दोरीने. ती गाठ अजून कुणाला सुटलेली नाही. पबमध्ये आता 'जेरीची जहाजं' म्हणतात तेव्हा कुणी हसत नाही असं नाही, हसतात, पण ते हसणं वेगळं आहे.

तात्यांचे नव्वद दिवस भरले. निघायच्या सकाळी संदेशने गाडीत बॅगा भरल्या आणि तात्या गायब. नोराकडे नव्हते. मी धक्क्याकडे गेले, कारण दुसरीकडे ते असणारच नव्हते.

पिवळं जॅकेट लांबूनच दिसलं. पण ते बंदराकडे पाठ करून उभे होते, तोंड गावाकडे. मला चमत्कारिक वाटलं. जवळ गेले तर त्यांच्या हातात दाढीचा आरसा. गुलाबी प्लॅस्टिकच्या चौकटीचा, घरून आणलेला. तो डोळ्यांसमोर धरून ते खांद्यावरून मागचं बंदर बघत होते.

मी त्यांच्या मागे उभी राहून आरशात डोकावले. डोंगर डावीकडे होता. बुरूज उजवीकडे. मध्ये दोन होड्या नांगर टाकून उभ्या.

त्यांनी आरसा थोडा तिरका केला, मला नीट दिसावं म्हणून. मग डोळे मिटले आणि सावकाश मान फिरवली, एका बाजूला, दुसऱ्या बाजूला, दोन्ही कान जुळेपर्यंत.

"बंदर आमचा," तात्या म्हणाले. "पण वारो हंयचो."

वर रस्त्यावर संदेशने हॉर्न वाजवला. त्यांनी आरसा जॅकेटला पुसून खिशात ठेवला आणि चालू लागले.